अर्धा ठोका

सरोजिनी नगरच्या बाजारात पडद्याचं कापड चिमटीत धरून उभा होतो, तेव्हा माझ्या पोटात माझाच बास वाजला. बास म्हणजे बास गिटार, चार जाड तारांची. ती कानाला फारशी कळत नाही, पोटाला कळते. समोरच्या दुकानदाराने टी-शर्टांच्या ढिगाऱ्यामागे पिंपाएवढा स्पीकर ठेवला होता आणि त्यातून ते चार स्वर येत होते: खाली, अजून खाली, एक पायरी वर, परत खाली. हे चार स्वर मी बसवले ते याच बाजाराच्या पलीकडे, आमच्या सरकारी क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात, आई आत कुकर लावत असताना. आता ते क्वार्टर पाडलं, तिथे टॉवर उभे राहताहेत, आणि माझे स्वर पोरींच्या टॉप-लेगिंग्जवर शिंपडले जाताहेत. ते एक वेळ ठीक. चोरी मला समजते. दिल्लीत आयुष्य काढल्यावर न समजून कसं चालेल? पण अरे, चोरायचंच तर माल नीट उचला की. त्या गाढवांनी माझे चार स्वर अर्ध्या ठोक्याने सरकवून ठेवले होते. घरातला देव्हारा कुणीतरी उचलून दारात आणून ठेवावा, तसं मला झालं. मी दुकानदाराला विचारलं, भाई, ये कौन बजा रहा है? तो म्हणाला, पता नहीं अंकल, अपने आप चलता है, पर्दा लेना है? शेजारी ढिगारा उपसणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीने मान वर न करता सांगितलं की ‘आउट ऑफ टर्न’ नावाचा बँड आहे, दिल्लीचाच आहे, आणि अंकल, आपने नहीं सुना होगा. मी पडदा न घेताच निघालो.

आपने नहीं सुना होगा! बाई गं, तुझी आई कॉलेजात होती तेव्हा या शहरात रेगे-रॉक वाजवणारे आम्ही तिघे होतो, चौथा नव्हता. मी दिनकर, बासवर, जयंत ड्रमवर, आणि अविनाश गिटार वाजवून गाणारा, जो चर्चमध्ये गिटार शिकला आणि चर्चच्या बाहेर बिघडला. तिघांचे वडील केंद्र सरकारात, तिघांची घरं एकाच रांगेत, टाइप थ्री क्वार्टर्स. म्हणून बँडचं नावही ‘टाइप थ्री’. जमैका कुठे आहे हे आम्हाला जनरल नॉलेजच्या पुस्तकापुरतं ठाऊक. तिथलं संगीत आमच्याकडे आलं ते जयंतच्या आतेभावाच्या कॅसेटमधून. तो जहाजावर होता. त्याच्या कॅसेटवरून जयंतने आमच्या टू-इन-वन टेपरेकॉर्डरवर एक कॉपी काढली, आणि त्या घरघरणाऱ्या कॉपीवर आमचं शिक्षण झालं. बटण दाबलं की पहिला आवाज यायचा तो गिटारचा, कोरडा, कापल्यासारखा: चक्. मग ड्रमसेटचा मोठा ढोल, मग परत चक्. मी लहानपणापासून मंडळाच्या गणपतीत झांज धरलेला माणूस. आरतीत सगळ्यांचे हात जिथे एकत्र पडतात ती सम, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. ते अंगात होतं. मी त्या पहिल्या चक्-वर हात ठेवला आणि म्हणालो, ही सम. इथून मोजायचं. अविनाशने खांदे उडवले. जयंत माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, अच्छा, बरं. असा होता जयंत. त्याला स्वतःचं मतच नसायचं. तू सांगशील तिथे ढोल टाकतो, म्हणायचा, आणि टाकायचा.

पुढे मोठमोठ्या रेकॉर्डी ऐकल्या तेव्हा लक्षात आलं की तिकडच्या लोकांचा ढोल चक्-च्या बरोबर पडत नाही, दोन चक्-च्या मधल्या फटीत कुठेतरी पडतो. मला त्याचं काही वाटलं नाही. ती माणसं गांजा ओढतात. हात मागे पडणारच. आम्ही सरकारी नोकरांची पोरं, घरून वरणभात खाऊन निघालेली, शुद्धीत असणारी. आमचा ढोल जागच्या जागी पडे. मला तर वाटायचं की त्यांना जे धुरात अर्धवट दिसलं ते आम्ही सरोजिनी नगरात स्वच्छ करून मांडलं. लोकही म्हणायचे, तुमचं काही वेगळंच आहे यार. वेगळंच होतं. बाकी या शहरातले ड्रमर म्हणजे बोलायलाच नको. जयंतला कावीळ झाली तेव्हा मी एकामागून एक तपासले, एकालाही माझ्याबरोबर दोन ओळी धड वाजवता येईनात. एकदा कुठल्याशा दूतावासाच्या कार्यक्रमात एक खराखुरा तिकडचा ड्रमर आमच्यात बसला, जटा कमरेपर्यंत. तोही गडबडला, थांबला, माझ्याकडे बघून हसला आणि काठ्या खाली ठेवल्या. तिकडचा असून ठोका कळेना! त्या दिवसापासून जटांवरचा माझा विश्वास उडाला. जयंत तेवढा बरा. बरा म्हणजे वासरात लंगडी गाय शहाणी. त्याला मी ओढून न्यायचो. मी लोकांना सांगायचोही, आमचा ड्रमर साधा आहे, त्याला ठोक्याची अक्कल नाही, पण ऐकतो. जयंत समोर असला तर मान डोलवायचा. मला त्याचं मान डोलवणं आवडायचं नाही.

मग बँड मोडला. बँड मोडतात, त्यात रडण्यासारखं काही नाही. खरी घाण नंतर सुरू होते, जेव्हा मेलेल्या बँडला पिल्लं होतात. अविनाशने वर्षाच्या आत स्वतःचा बँड काढला आणि नाव ठेवलं ‘टाइप फोर’. म्हणजे आमच्यापेक्षा वरच्या ग्रेडचं क्वार्टर मिळाल्यासारखं. आयत्या बिळावर नागोबा! गाणी आमची, चाली आमच्या, टोपी मात्र नवी, लाल-पिवळी-हिरवी. गुडगावला बिअर गाळायच्या दुकानांतून तो वाजवतो, लग्नांत वाजवतो, वरातीत घोड्यासमोर वाजवलेलंही मला पक्कं माहीत आहे. मध्यंतरी केस रंगवून त्याने एक मुलाखत दिली, त्यात म्हणाला की उत्तर भारतात रेगे त्याने आणलं. त्याच्या हाताखाली शिकलेल्या दोन पोरांनी नॉयडात तिसरं दुकान काढलं, तिथून फुटून चौथं निघालं. आता म्हणे दिल्लीत ‘सीन’ आहे. सगळे एकमेकांना ब्रदर म्हणतात, सगळ्यांच्या गळ्यात लाकडी मणी, घरी ए.सी., बापाची फॅक्टरी, आणि गाण्यांत बंड. कुणाविरुद्ध रे बंड, सोसायटीच्या गार्डविरुद्ध? मी एक-दोनदा जाऊन मागे उभं राहून ऐकलं आहे. सगळ्यांचा ढोल फटीत पडतो. इंटरनेटवर बघून शिकलेले, त्या गांजेकसांची चूकसुद्धा इमानाने उतरवून घेतलेली. त्यांना सांगणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता. मी बाहेर येऊन छोले-कुलचे खाल्ले आणि घरी गेलो.

जयंत मागच्या हिवाळ्यात गेला. फुप्फुसं. त्याची शोकसभा कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सभागृहात झाली, तिथेही ही सगळी मण्यांची माळ हजर होती. अविनाशने डोळे पुसत गिटार वाजवली, सुरात नव्हती. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. जयंतची मुलगी अलकनंदा पांढऱ्या कुडत्यात पुढे उभी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत होती. माझ्यापाशी आली आणि म्हणाली, काका, तुम्ही पण दोन शब्द बोला ना. मी नाही म्हणालो. काय बोलणार? तो चांगला माणूस होता, आणि चांगल्या माणसांबद्दल बोलण्यासारखं काही नसतं. तिथून मी कोपर्निकस मार्गाला जाऊन महाराष्ट्राच्या जुन्या सदनाच्या कॅन्टीनमध्ये साबुदाण्याची खिचडी मागवली. तिथे बसून मला जी गोष्ट अगदी स्पष्ट दिसली ती सांगून टाकतो, आडपडदा कशाला. मी मंत्रालयात अंडर सेक्रेटरी आहे आणि तिथून वर जाणार नाही. माझ्या फायली कुणी आठवणार नाही. मुलगा बंगळूरला असतो, फोनवर हिंदीत बोलतो. माझ्याजवळ या जगातली एकच गोष्ट आहे जी दुसऱ्या कुणाजवळ नाही: ठोका कुठे आहे हे या शहरात मला एकट्याला माहीत आहे. बाकी कुणी मला ओळखो न ओळखो, या एका गोष्टीवर मी सकाळी दाढी करतो आणि नऊच्या आत ऑफिसला पोचतो.

आणि तीच गोष्ट आता बाजारात, पडद्यांच्या दुकानासमोर, अर्धा ठोका सरकवून वाजत होती. मेट्रोने मयूर विहारला घरी येईपर्यंत माझं डोकं तापलं होतं. मीनाक्षीने, म्हणजे माझ्या बायकोने, पडदा कुठाय म्हणून विचारलं, मी ‘आउट ऑफ टर्न’ म्हणजे कोण म्हणून विचारलं. ती म्हणाली, अहो, तो अलकनंदाचा बँड नाही का, ती ड्रम वाजवते त्यात, मागे तुम्हाला सांगितलं होतं तर तुम्ही पेपर वाचत होतात. जयंतची पोर! तिथल्या तिथे फोन लावला. मी बरंच बोललो. बापाच्या बँडचं गाणं घेतलंस ते घेतलंस, पण त्याची हाडं निखळवून ठेवलीस, असंही बोललो. ती शांतपणे ऐकत होती. मध्ये एकदा, हो काका, बिल्कुल, म्हणाली. या पोरांना राग येत नाही याचाच मला राग येतो. शेवटी म्हणाली, काका, तुम्ही या ना रिहर्सलला, शनिवारी दुपारी, सैदुलाजाबला. बाबांच्या नावाने एक शो करतोय आम्ही, त्यात ते गाणं आहे. तुम्ही वाजवलंत तर फार... फार मस्त होईल. ‘औचित्य’ वगैरे शब्द या मुलांना येत नाहीत. मी म्हणालो, वाजवण्याचं नंतर बघू, आधी तुम्हाला मोजायला शिकवतो. मीनाक्षी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, जाताय ते बरंच आहे, पण बोलताना जरा जपून बोला, बाप गेलाय तिचा. मी म्हणालो की ठोक्याला बाप नसतो. तिने तव्यावरची पोळी उलटली.

सैदुलाजाब म्हणजे एके काळचं गाव. आता वर फ्लॅट, खाली तळघरं, आणि प्रत्येक तळघरात कुणीतरी जगावेगळं काहीतरी करत असतं. यांच्या तळघराला अंड्यांच्या ट्रेसारखा राखाडी फोम चिकटवलेला. अलकनंदा ड्रममागे, हरजस नावाचा एक सरदार मुलगा गिटारवर, एक मुलगी गाणारी, आणि त्यांचा बासवाला, जो मी येताच उठून उभा राहिला आणि स्वतःची गिटार दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली, प्रसादाच्या ताटासारखी. सगळ्यांनी पायाला हात लावले, दिल्लीच्या पद्धतीने, गुडघ्यापर्यंत. मी म्हणालो, आधी तुमचं ऐकवा. त्यांनी वाजवलं. तसंच, फटीत. ढोल चक्-ला चुकवून पडत होता आणि माझे चार स्वर त्या ढोलाच्या मागे लागलेले, जत्रेत हरवल्यासारखे. मी हात वर करून थांबवलं. मग मी त्यांना समजावलं, टाळ्या वाजवून, लहान मुलांना पाढे शिकवतात तसं: ही चक्, ही सम, इथे ढोल, इथेच बास. मंडळाच्या आरतीचं उदाहरण दिलं, सरदाराला कळावं म्हणून कीर्तनाचंही दिलं. ते सगळे माना डोलवत होते. जयंतसारख्याच. मग मी गिटार गळ्यात घातली. किती वर्षांनी, ते जाऊ दे. बोटांची टोकं मऊ झालेली, पहिल्याच तारेला चरचरलं. चार मोजले आणि शिरलो.

आणि सगळं जागेवर आलं. एका क्षणात. ढोल चक्-वर, चक् बासवर, तिन्ही एकाच जागी, मंडळातल्या झांजेसारखं, त्या व्हरांड्यातल्यासारखं. माझ्या पोटातून वर काहीतरी आलं. आनंदच होता तो, दुसरं नाव काय देणार. डोळे मिटून वाजवत राहिलो आणि मनात म्हणालो, बघा, लेको, इतकं सोपं होतं. पाच मिनिटं कुणी नीट सांगणारा भेटला नाही म्हणून तुमचं अख्खं शहर चुकत राहिलं. मला त्यांची कीवसुद्धा आली. अविनाशला हे ऐकवायला हवं होतं, असंही वाटलं; त्याला इथे उभा करून म्हणायला हवं होतं की हे घे तुझं टाइप फोर. गाणं संपलं. गाणाऱ्या मुलीने टाळ्या वाजवल्या. मी घाम पुसला आणि मोठ्या मनाने म्हणालो, चलो, एकदा तुमच्या बासवाल्याला घेऊन करा, मी ऐकतो. गिटार त्या मुलाच्या हातात दिली. तेव्हा हरजसने तारा जुळवता जुळवता ड्रमकडे वळून अगदी सहज विचारलं, दीदी, अब सीधा या उल्टा वाला?

अलकनंदाने त्याच्याकडे असं बघितलं की त्याची मान खाली गेली. मी विचारलं की उल्टा वाला म्हणजे काय. ती म्हणाली काही नाही काका, ते आमचं असंच. मी परत विचारलं. माझा आवाज ऑफिसातला झाला होता, तो मलाच ऐकू आला. तिने काठ्या मांडीवर ठेवल्या.

“बाबांनी शिकवलेलं आहे ते,” ती म्हणाली. “दोन्ही शिकवलं होतं त्यांनी. सीधा म्हणजे असतं तसं. आणि उल्टा म्हणजे... तुमच्याबरोबर वाजवायचं असलं तर. दिनकरकाका आले की आपण सरकायचं, असं म्हणायचे.”

“असतं तसं म्हणजे?”

“काका, कॅसेटची सुरुवात कापली गेली होती. रेकॉर्डचं बटण उशिरा दाबलं गेलं त्यांच्याकडून. पहिला ढोल आलाच नाही टेपवर, डायरेक्ट चक् आलं. चक् दोन ढोलांच्या मधलं असतं. बाबांना माहीत होतं, मूळ कॅसेट त्यांनी जहाजावरच्या काकांकडे ऐकली होती ना.”

मी म्हणालो की हे खोटं आहे. मग म्हणालो की खरं असेल तर त्याने मला तेव्हाच का नाही सांगितलं, रोज संध्याकाळी बरोबर असायचो आम्ही, एका ताटात जेवलोय. तिला मराठी शब्द शोधावे लागतात. मला तेवढा वेळ फार लांब वाटला.

“मी पण विचारलं होतं,” ती म्हणाली. “तर म्हणाले, तो इतका खूश झाला होता, म्हणजे तुम्ही. आणि असा बास दुसरा कोण वाजवणार होता? अविनाशकाकांना नंतर दुसरा बासवाला हवा होता. बाबा नाही म्हणाले, म्हणून तर अविनाशकाका गेले सोडून. बाबा म्हणायचे, सरकायला काय लागतं? अर्धा ठोका तर आहे.”

अर्धा ठोका तर आहे. मी खुर्ची ओढून बसलो. मला जयंतचा इतका संताप आला की तो जिवंत असता तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती. सहा-सात वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसून, हातातली खरी जागा सोडून, मी दाखवीन त्या खोट्या जागी ढोल टाकत राहिला, आणि मी चारचौघांत म्हणत होतो की याला ठोक्याची अक्कल नाही, आणि तो मान डोलवत होता. ती सगळी कॉलेजं, ते सगळे हॉल, ते वेगळंच आहे यार. तो जटावाला हसला होता. अविनाश, ज्याच्या टोपीवर मी इतकी वर्षं थुंकलो, त्याला कळत होतं. या फोमच्या भिंतींतल्या पोरांना कळत होतं, त्या बाजारातल्या स्पीकरला कळत होतं. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगणच माझ्यासाठी वाकडं होऊन पडलं होतं, न बोलता. या जगात तिरस्कार परवडतो, माणूस त्यावर उभा राहू शकतो. दया फार नीच गोष्ट आहे, ती पायाखालचं काढून घेते आणि वर विचारते, काका, पाणी देऊ का? अलकनंदा खरंच विचारत होती. पाणी नको म्हणालो. तिचे डोळे बापासारखेच होते, थोडा वेळ बघत राहणारे, आणि मग अच्छा, बरं म्हणणारे.

उठून निघून जायला हवं होतं. त्याऐवजी मी त्या मुलाकडून गिटार परत मागितली. सीधा वाजवा, म्हणालो. शोमध्ये मी सीधाच वाजवणार आहे, जयंतच्या नावाने आहे तर जयंतला माहीत होतं तिथेच वाजवणार. ती म्हणाली, काका, खरंच काही गरज नाही. मी म्हणालो, मोज. तिने काठीवर काठी मारून मोजलं. ढोल पडला, त्याच्या मागून फटीत चक्, आणि मी ढोलावर कान रोवून वाट बघत राहिलो. हात उचलला, बोट तारेवर आलं, आणि चक् झाल्याबरोबर ते बोट आपोआप पडलं, लहानपणापासून पडत आलं तिथेच. थांबलो. पुन्हा म्हणालो. पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी मी दात आवळून तोंडाने मोजत होतो, घाम डोळ्यांत जात होता, माझं वय त्या तळघरात सगळ्यांना दिसत होतं. आणि मी पुन्हा चुकीच्या जागी शिरलो. यावेळी कुणी थांबलं नाही. अलकनंदाने मान वर केली नाही, हरजसने माझ्याकडे बघितलं नाही. एक चक् गेली, दुसरी गेली, आणि मग ढोल, गिटार, गाणारी मुलगी, सगळे, अर्धा ठोका माझ्याकडे सरकले.